वाळवंटात विमान सापडलं तर: हात लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मूळचे नाशिक जिल्ह्यातले, सध्या इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात तेलाच्या सिस्मिक सर्व्हेच्या कामावर आहेत. गाडीवाट सोडून बरंच आत गेल्यावर त्यांना दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाचं धूड दिसलं. त्यांनी दोन फोटो पाठवलेत. एकात वाळूत टेकलेला पंख आणि उघडं कॉकपिट आहे, दुसऱ्यात विमानापासून थोड्या अंतरावरची मोकळी जमीन. बरोबरची मंडळी म्हणतात, उद्या जाऊन डायल आणि नंबरपट्टी काढून आणू, नाहीतर दुसरं कुणीतरी नेईल. त्यांचं विचारणं असं, की हे जपायचं तर नेमकं काय करायचं, आणि ऐंशी वर्षं उघड्यावर राहून ते गंजून संपलं कसं नाही?

आधी उद्याचं सांगतो. उद्या कुणी काहीही काढायला जायचं नाही. तुमचा शब्द तिथे चालत नसेल, तर कॅम्पच्या प्रमुखाला आज रात्रीच लेखी कळवा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी वायुसेनेत एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची निगा राखणारा कारागीर होतो. निवृत्तीनंतर संग्रहालयांमधल्या जुन्या विमानांच्या धातूची निगा राखण्याचं काम करत आलो आहे. पत्रा आणि रिव्हेट यांच्याशीच आयुष्यभर संबंध आला, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

विमानाचा पत्रा म्हणजे ड्युरॅल्युमिन, ॲल्युमिनियमात थोडं तांबं मिसळलेला मिश्रधातू. तांब्यामुळे ताकद येते, पण त्याच तांब्यामुळे तो गंजायलाही हळवा होतो. म्हणून पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो. हवेशी गाठ पडताच या थरावर ऑक्साइडची साय धरते आणि ती आतल्या धातूला सांभाळते. ती साय मोडायला दोन गोष्टी लागतात, ओलावा आणि मीठ. आत वाळवंटात ओलावाच नसतो. मीठ जमिनीत असलं तरी कोरडं असेपर्यंत ते निपचित पडून राहतं. त्यामुळे मुंबईच्या किनाऱ्यावर दहा पावसाळ्यांत जेवढं नुकसान होईल, तेवढं तिथे ऐंशी वर्षांतही होत नाही.

म्हणून ते जसंच्या तसं राहतं असं मात्र नाही. वाळवंटातून आलेला पत्र्याचा एक तुकडा मी हातात घेऊन पाहिला आहे. वाऱ्याकडची बाजू राखेनं रोज घासलेल्या पातेल्यासारखी लखलखीत होती. रंग नाही, अक्षर नाही, रिव्हेटची डोकीसुद्धा झिजून सपाट झालेली. उलटा केला तर आत पिवळसर हिरवा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, तसाच, जणू गेल्या महिन्यात मारलेला. उडती वाळू बहुतेक करून जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंतच जोरात मारा करते. त्यामुळे एकाच विमानाची खालची कड घासून कागदासारखी होते आणि वरच्या भागावर खुणा वाचता येतात. कापडी भाग, म्हणजे सुकाणू आणि एलिव्हेटर (विमानाचं नाक वर-खाली करणारी शेपटीवरची फळी) यांचं आवरण, आधी जातं. रबर तडकतं, काचेसारखं प्लॅस्टिक पिवळं पडून त्यात जाळी धरते. लोखंडी बोल्ट जिथे ॲल्युमिनियमला भिडलेला असतो, तिथे पांढरी भुकटी दिसते. हे सगळं शांतपणे, फार संथ चाललेलं असतं. ते एकदम वेगानं सुरू होतं माणूस येतो तेव्हा.

तुमच्याच भागातलं उदाहरण देतो. २८ जून १९४२ रोजी ब्रिटिश वायुसेनेच्या २६० स्क्वाड्रनचा फ्लाइट सार्जंट डेनिस कॉपिंग, वय २४, एक नादुरुस्त किटीहॉक लढाऊ विमान एका धावपट्टीवरून दुरुस्तीच्या तळावर न्यायला निघाला. अंतर थोडंच होतं. वाट चुकली, तो दक्षिणेकडे खोल वाळवंटात गेला आणि विमान पोटावर उतरवलं. जवळचं गाव सुमारे ३०० किलोमीटरवर. २०१२ मध्ये तेल शोधणाऱ्या एका पोलिश माणसाला ते दिसलं. जवळपास अख्खं. शेपटीकडच्या भागावर ईटी ५७४ हा क्रमांक होता, बंदुकांचा दारूगोळा जागच्या जागी होता, कॉकपिटमधली उपकरणं बऱ्याच अंशी शाबूत. विमानाशेजारी पॅराशूटचं कापड होतं, सावलीसाठी बांधलेलं असावं. रेडिओ आणि बॅटरी बाहेर काढलेल्या होत्या, म्हणजे त्यानं मदत मागायची खटपट केली होती. एवढ्या चार वस्तूंवरून त्या मुलाचे उतरल्यानंतरचे तास आपल्याला दिसतात. तो अपघातातून वाचला होता, डोकं ठिकाणावर होतं, आणि बराच वेळ विमानाजवळ थांबला होता.

बातमी फुटली आणि लोक पोचले. सुट्या वस्तू जाऊ लागल्या. इजिप्तच्या सैन्यानं सुरक्षेसाठी दारूगोळा आणि बंदुका काढून घेतल्या, ते योग्यच होतं. पुढे विमान उचलून किनाऱ्यावर, अल अलामीनच्या लष्करी संग्रहालयात नेलं. त्याला ब्रिटनला नेण्याची खटपट झाली होती. ते काढून आणण्याच्या मोबदल्यात तिथल्या वायुसेना संग्रहालयानं आपलं एक स्पिटफायर लढाऊ विमान देऊन टाकलं, पण किटीहॉक काही ब्रिटनला गेलं नाही. इजिप्तमध्ये ते राहिलं याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या भूमीवर पडलं तिथे राहावं, हेही एक रास्त मत आहे. माझं दुःख रंगाचं आहे. २०१७ च्या सुमारास ते नव्या रंगात, चुकीच्या खुणांसह लोकांपुढे आलं. वाळूनं सत्तर वर्षांत घासून आणलेली ती चंदेरी कातडी, तिच्यावर उरलेली मूळ अक्षरं, सगळं रंगाखाली गेलं. आता तिथे उभा राहणारा माणूस एक जुनं विमान बघतो. कॉपिंगचं विमान त्याला दिसत नाही.

धातूच्या दृष्टीनं बघितलं तर जागाही अवघडच आहे. अल अलामीन समुद्राला लागून. पत्र्याच्या सांध्यासांध्यांत सत्तर वर्षं बसलेली बारीक धूळ आणि तिच्यातलं मीठ कोरड्या हवेत झोपलेलं होतं. खारा दमट वारा लागला की ते जागं होतं. आधी सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात, मग धातूच्या कणाकणांमधून गंज आत शिरतो आणि शेवटी पत्रा शिळ्या पुरीसारखा पापुद्र्यांत सुटायला लागतो. वरून रंग असेल तर हे दिसतसुद्धा नाही. फोड आला की कळतं, तोवर आत उशीर झालेला असतो. म्हणून कुणी मला विचारलं, की वाळवंटातून काढलेलं विमान ठेवायचं कुठे, तर पहिलं उत्तर एकच असतं: समुद्रापासून लांब आणि छपराखाली.

आता दुसरी कथा सांगतो, कारण तुमच्या दुसऱ्या फोटोचा संबंध तिच्याशी आहे.

४ एप्रिल १९४३. लिबियात बेनगाझीजवळच्या सोलुक तळावरून अमेरिकी बी-२४ बॉम्बफेकी विमानं नेपल्सवर निघाली. त्यात ‘लेडी बी गुड’ नावाचं एक विमान होतं, नऊ माणसं, सगळ्यांची पहिलीच मोहीम. परतताना रात्र झाली. त्यांनी रेडिओवरून दिशा मागितली. त्या काळच्या लूप अँटेनाला आवाज कोणत्या रेषेवरून येतो ते कळे, पण पुढून की मागून हे कळत नसे. विमान तळावरून पुढे निघून गेलं होतं, जमिनीवरच्या केंद्राला मात्र ते अजून समुद्रावरच असल्यासारखी दिशा मिळाली. ते सरळ दक्षिणेला उडत राहिले. इंधन संपत आल्यावर अंधारात उड्या मारल्या, खाली समुद्र असेल या समजुतीनं. खाली कालान्शोचा वाळूसागर होता, किनारा ७०० किलोमीटर मागे.

विमान माणसांशिवाय आणखी पंचवीसेक किलोमीटर गेलं आणि पोटावर घसरत थांबलं. १९५८ मध्ये ब्रिटिश तेल सर्वेक्षकांना ते हवेतून दिसलं, १९५९ मध्ये लोक तिथे पोचले. रेडिओ चालत होता, बंदुका चालत होत्या, थर्मासमधलं पेय पिण्याजोगं होतं. विमानात पाणी होतं, खाणं होतं. माणूस मात्र एकही नव्हता.

मग शोध सुरू झाला, आणि तो कशाच्या आधारावर पुढे सरकला ते नीट वाचा. वाळूत ठेवलेल्या बुटांच्या आधारावर. पॅराशूटच्या फाडलेल्या पट्ट्या, उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड, बाणासारख्या मांडलेल्या. मागून कुणी आलं तर त्याला कळावं, की आम्ही या दिशेनं गेलो. आठ जण एकत्र जमले होते आणि किनारा जवळ आहे असं समजून वायव्येकडे चालत गेले, आठ जणांत पाण्याची एक बाटली. फेब्रुवारी १९६० मध्ये पाच जणांचे मृतदेह उतरल्या जागेपासून सुमारे १२५ किलोमीटरवर सापडले. सहवैमानिक रॉबर्ट टोनरच्या खिशात छोटी डायरी होती, त्यात १२ एप्रिलपर्यंतच्या नोंदी. त्यावरून कळलं की तिघे आणखी पुढे गेले. त्यांतल्या दोघांचे देह नंतर सापडले, एक तीसेक किलोमीटर पुढे, दुसरा चाळीसेक. नववा माणूस उडी मारतानाच गेला होता, पॅराशूट नीट उघडलं नव्हतं. पुढे गेलेल्या तिघांतला व्हर्नन मूर आजपर्यंत अधिकृतपणे सापडलेला नाही.

त्या पट्ट्या आधी कुणी आठवण म्हणून उचलून नेल्या असत्या तर? पट्टी म्हणजे बोटभर कापड, तिची किंमत शून्य. पण रांगेतली एक पट्टी गेली की दिशा गेली, आणि दिशेबरोबर माणूस गेला. विमानाचंही पुढे तेच झालं. तीस-पस्तीस वर्षं येणाराजाणारा तुकडे काढत राहिला, आणि १९९४ मध्ये उरलेला सांगाडा लिबियाच्या अधिकाऱ्यांनी तोब्रुककडे हलवला, तेव्हा तो कोंबडीची हाडं चोखून टाकावीत तसा झाला होता.

एक उदाहरण उलट्या बाजूनं. १९६० च्या जुलैमध्ये लिबियात तेल शोधणाऱ्या तंत्रज्ञांना आधी माणूस सापडला, जानी रोमानिनी, इटालियन वायुसेनेतला. विमान, सावोया-मार्केटी एसएम ७९ हे बॉम्बफेकी, ऑक्टोबरात मिळालं, ९० किलोमीटरवर. ते एप्रिल १९४१ मध्ये हरवलं होतं. नव्वद किलोमीटर! एकटा. म्हणून विमानाचा आवाका पंखाच्या टोकापाशी संपतो असं कधी धरू नका. या तिन्ही वेळी शोध लागला तो तुमच्यासारख्या तेलाच्या कामावरच्या माणसांमुळे, हेही लक्षात घ्या. पुराणवस्तूवाला तिथे पन्नास वर्षं फिरकत नाही. पहिले तुम्हीच असता.

तर पहिल्यानं काय करायचं? बघायचं आणि लिहायचं. विमान वाचता येतं. पंख्याची पाती मागे दुमडलेली असतील तर टेकताना इंजिन ओढत नव्हतं, टोकं पुढे वळलेली असतील तर ताकद चालू होती. कॉकपिटचं झाकण मागे सरकवलेलं आहे का? सीटच्या पट्ट्यांचं कुलूप उघडं आहे की लावलेलं? उघडं असेल तर माणूस स्वतः उठून बाहेर आला. सीटमध्ये पॅराशूट नाही, याचा अर्थ एकतर त्यानं वरूनच उडी मारली किंवा खाली उतरून बरोबर नेलं. प्रथमोपचाराची पेटी जागेवर आहे का? होकायंत्र उपसून काढलंय का? तहानलेली माणसं होकायंत्रातला स्पिरिटसुद्धा काढून प्यायल्याचं त्या युद्धात घडलं आहे. यातली एकेक गोष्ट एका वाक्यात लिहून ठेवा. पण कुलूप उघडून बघू नका, झाकण सरकवून बघू नका. तुम्ही हलवलंत की ती साक्ष तुमची झाली, त्याची राहिली नाही.

फोटो भरपूर काढा. लांबून चारी बाजूंनी, मग जवळून, प्रत्येक चौकटीत मोजपट्टी किंवा हातातला पेन ठेवून. विमानाभोवती फिरत, आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग पुढच्यात येईल असे ओळीनं काढले तर त्यातून नंतर संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती बनवता येते. हे काम फोनवर होतं, त्यासाठी ड्रोन लागत नाही. तिथे ड्रोन उडवूच नका, लष्करी भाग आहे. मग विमान मध्यभागी धरून वाढत्या वर्तुळांत चालत बघा. दिसेल ते जागीच ठेवून तिथे उभं राहून जीपीएस नोंद घ्या. आणि फोनच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश आपसूक लिहिलेले असतात हे विसरू नका. मूळ फाइल फक्त अधिकाऱ्यांना द्या. मित्रांच्या ग्रुपवर एक फोटो गेला की पुढच्या आठवड्यात तिथे गाड्यांच्या चाकोऱ्या दिसतील.

ओळख पटवायला नंबरपट्टी उपटावी लागत नाही. तिचा फोटो पुरतो. शेपटीकडचा क्रमांक घासला गेला असला तरी तिरप्या उन्हात, सकाळी किंवा संध्याकाळी, रंगाचा उंचवटा सावलीत दिसतो. पत्र्याच्या आतल्या बाजूला ठोकलेले आकडे बघा. स्पिटफायरच्या भागांवर बहुधा ३०० नं सुरू होणारे आकडे असतात, किटीहॉकच्या भागांवर ८७ नं, जर्मन मेसरश्मिट १०९ च्या भागांवर १०९ नं. मुकुटाखाली ‘एएम’ अशी रोमन अक्षरं असतील तर ती ब्रिटिश हवाई खात्याची. इंजिनावरचा आकडा मिळाला तर नोंदवह्यांमधून विमान, तारीख आणि माणूस, तिन्ही निघू शकतात.

धोक्याचं थोडक्यात, पण गंभीरपणे घ्या. बंदुकीच्या गोळ्या, इशाऱ्याची काडतुसं, ऑक्सिजनची नळकांडी, आणि विमान आपलं की शत्रूचं हे कळवणाऱ्या त्या काळच्या ओळख-रेडिओत, तो शत्रूच्या हाती पडू नये म्हणून बसवलेली छोटी स्फोटकं, ही आजही जिवंत असू शकतात. डायलवरचा अंधारात चमकणारा रंग रेडियमचा असतो. चमक कधीच गेलेली असते, किरणोत्सर्ग नाही. रेडियम निम्मं व्हायलाच १,६०० वर्षं लागतात. काच फुटलेल्या डायलची धूळ फुंकून उडवणारा माणूस ती छातीत घेतो. तुमचे सहकारी जे ‘डायल काढून आणू’ म्हणतात, त्यांना एवढं एक वाक्य वाचून दाखवा. तो पिवळसर हिरवा प्रायमरही क्रोमियमचा आहे, खरवडू नका. आणि किनाऱ्याकडच्या पट्ट्यात युद्धातले सुरुंग अजून लाखोंनी आहेत, तिकडे असाल तर आपल्याच चाकांच्या खुणेवरून परत या.

कळवायचं कुणाला? तुमच्या कंपनीबरोबर लष्कराचा संपर्क अधिकारी असतोच, पहिला त्याला. त्याच्या परवानगीनं, ज्या देशाचं विमान असेल त्याच्या कैरोतल्या दूतावासातल्या संरक्षण विभागाला. लष्करी विमान पडून वर्षं लोटली म्हणून ते बेवारस होत नाही, आणि सापडणाऱ्याचं तर कधीच होत नाही. हाडं दिसली तर तिथल्या तिथे थांबा. कपड्यानं झाकू नका, दगड रचू नका, हात जोडा आणि मागे या. राष्ट्रकुलातल्या सैनिकांच्या कबरींसाठी वेगळा आयोग आहे, अमेरिकनांसाठी त्यांचं स्वतःचं खातं. ओळख पटवायची शास्त्रं आज इतकी पुढे गेली आहेत, की न हलवलेल्या हाडाला नाव मिळण्याची खरी आशा असते.

आता जपण्याचं. वाळवंटातच राहू द्यावं की उचलावं, यावर आमच्या कामातले लोक भांडत आले आहेत. माझं मत सांगतो: जागा गुप्त राहणार असेल तर तिथलं हवामान कुठल्याही संग्रहालयापेक्षा चांगलं आहे, हलवू नये. जागा फुटली असेल तर मात्र लवकर आणि नीट उचलावं. नीट म्हणजे गॅस कटर लावून पंख तोडायचे नाहीत. विमान कारखान्यात ज्या सांध्यांवर जोडलं गेलं तिथेच ते सोडवायचं, तेल घालून, दिवस लागले तर दिवस देऊन. आतली वाळू झटकून टाकायची नाही, कप्प्याकप्प्यानुसार पिशव्यांत भरून खुणा करायच्या, कारण तिच्यात रंगाचे पापुद्रे, बटणं, कागदाचे कपटे असतात. भार चाकांवर किंवा पत्र्यावर येऊ न देता आतल्या मजबूत चौकटींखाली गादी लावलेले आधार द्यायचे. आणि बंद कंटेनरनं समुद्रमार्गे नेणार असाल तर आत ओलावा शोषणारी सिलिका जेलची पोती हवीतच. दिवसा तापलेला कंटेनर रात्री गार झाला की आत छपरावरून थेंब पडतात. ऐंशी वर्षं पाऊस न पाहिलेल्या पत्र्यावर पहिला पाऊस बंद पेटीत पडतो, हे मी पाहिलं आहे.

पोचल्यावर पाण्याचा फवारा नाही. मऊ ब्रश आणि हलका व्हॅक्यूम. कुठे किती मीठ आहे ते तपासून गरजेपुरतंच शुद्ध पाणी, लगेच कोरडं करणं, हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास स्थिर. बस. बाकी सगळं करायचा मोह आवरायचा.

तो मोह मला आवरला नव्हता, म्हणून सांगतो. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात एका संस्थेच्या आवारातलं जुनं विमान आमच्याकडे आलं. एका झाकणाची आतली बाजू काळवंडलेली होती. मी ती स्टीलवूलनं घासून चकचकीत केली. घासता घासता दिसलं, की काळ्या थराखाली पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं, दोन ओळी, बहुधा कारखान्यात रिव्हेट मारणाऱ्या माणसाचा हात. पहिली ओळ माझ्या हातून तोवर पुसली गेली होती. दुसरीतली तीन-चार अक्षरं राहिली. त्यात भर म्हणजे स्टीलवूलचे बारीक तुकडे पत्र्यात रुतले, आणि पुण्याच्या पहिल्याच पावसाळ्यात त्या चकचकीत पत्र्यावर तांबडे ठिपके उमटले. प्रत्येक ठिपक्याखाली खड्डा. ते झाकण मी अजून जपून ठेवलंय. शिकायला येणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी तेच हातात देतो.

लंडनमधल्या वायुसेना संग्रहालयात नॉर्वेच्या तळ्यातून १९७३ मध्ये काढलेलं हॅलिफॅक्स बॉम्बफेकी विमान आहे. त्याला रंगवून नवं केलेलं नाही. फाटलेला पत्रा फाटलेलाच आहे. त्याच्यासमोर माणसं आवाज खाली आणून बोलतात. विमान दिसत कसं होतं हे दाखवायचंच असेल तर शेजारी चित्र लावा, प्रतिकृती करा. मूळ वस्तूवर ते काम लादू नका. पुन्हा उडवण्याची भाषाही लोक करतात. मी फिटर म्हणून सांगतो, वाळवंटातून आलेला पत्रा उड्डाणाला चालत नाही, जवळजवळ सगळा बदलावा लागतो. उडतं ते नवं विमान, जुन्या नंबरपट्टीचं. ज्या विमानात किंवा ज्याच्याभोवती माणूस मेला, त्याच्या बाबतीत मला ते मान्य नाही.

काही जण विचारतील, परक्यांच्या युद्धातल्या परक्या विमानासाठी आपण एवढं का करायचं. कॉपिंग उडाला त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, २१ जून १९४२ ला, लिबियातलं तोब्रुक शत्रूच्या हाती पडलं आणि मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण तिथे कैद झाली. ब्रिटिश सैन्याच्या ज्या माघारीत तो वाट चुकला त्याच माघारीत सातारा-कोल्हापूरकडची पोरं होती. अल अलामीनच्या स्मशानभूमीत एक वेगळं स्मारक आहे, इजिप्त आणि लिबियात ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला अशा सहाशेहून अधिक जणांचं. सुट्टीत तिकडे गेलात तर त्या पाट्या वाचा. ज्यांना कबर मिळालीच नाही अशांची नावं तिथल्याच दुसऱ्या स्मारकावर आहेत, त्यात कॉपिंगचंही आहे.

आता तुमचा दुसरा फोटो. तुम्ही तो मोकळ्या जमिनीचा म्हणून पाठवलात. डावीकडे खाली तीन दगड दिसतात, हाताच्या मुठीएवढे, एका ओळीत. मधल्या दगडाखालून विटकं, पिवळट असं काहीतरी बाहेर आलंय. भोवती तशा आकाराचा दुसरा दगड नाही. वारा तीन दगड असे मांडत नाही. परवानगी मिळाली की तिथे परत जा, दगडांपासून चार पावलं लांब उभे राहा, ओळ ज्या दिशेला जाते तिची होकायंत्रावर नोंद घ्या, त्या ओळीत विमान मागे येतं का ते बघा आणि तसाच एक फोटो काढा. मग त्याच दिशेनं, जमिनीवर नजर ठेवून, चालत जा. खमसीनचे, म्हणजे वसंतातले वाळू उडवणारे गरम वारे सुरू व्हायच्या आत हे झालं पाहिजे.